गवताचं दही

मंद्रूप
बुधवार, दुपारचे दोन

प्रिय बुद्धप्रिया,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे पत्र फाडलं नसशील, तर आधी बातमी ऐक. गवताचा रस फाटला! अगदी तू सांगायचीस तसा. हिरवागार चक्का वर आला आणि खाली कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी राहिलं. मी पातेल्याभोवती अशी नाचले की म्हशीनं रवंथ थांबवून माझ्याकडे पाहिलं. बेचाळीस वर्षांची बाई, दोन मुलांची आई, पदर खोचून गोठ्यात नाचतेय. तू असतीस तर म्हणाली असतीस, "शिवे, आधी तापमान लिहून ठेव, मग नाच." म्हणून सांगते, लिहून ठेवलंय. ब्याऐंशी.

फोन का नाही केला, असं तुला वाटेल. केला असता तर तू उचललाही असतास, तुझा स्वभाव मला माहीत आहे. पण फोनवर मी हवापाणी, मुलंबाळं, भाजीचे भाव असं सगळं बोलले असते आणि जे बोलायचं ते गिळून "ठेवते गं" म्हटलं असतं. माझाही स्वभाव तुला माहीत आहे. कागदावर माणसाला एवढं पळता येत नाही. चार वर्षांपूर्वी एका मंगळवारी गावातली सात जनावरं आजारी पडली, कमलम्माची गाय गेली, आणि तुझ्या गवत पिळायच्या यंत्रातून विष निघतं असं म्हणून गावानं तुला यंत्रासकट परत पाठवलं. तो ठपका अजून तुझ्या नावावर आहे. तो मला पुसायचाय. आणि येत्या रविवारी डेअरीच्या आवारात जे होणार आहे त्याला तू हजर असावंस असं मला फार वाटतंय. येशील की नाही ते सगळं वाचून ठरव. मी मात्र सांगायचं ते सगळं सांगणार आहे, आणि माझ्याच पद्धतीनं, म्हणजे मागचं पुढं आणि पुढचं मागं.

सुरुवात झाली गेल्या उन्हाळ्यात. पेंडेचं पोतं आणायला गेले की जीव जायचा. सोयाबीन पिकतं आपल्याच जिल्ह्यात, आपणच ते विकतो, आणि त्याचीच पेंड परत आपणच दुप्पट भावानं आणतो. तू हे पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा आम्ही सगळ्या बायका हसलो होतो. मग तू फळ्यावर काढून दाखवलंस. गाईला गवतातलं सगळं प्रथिन लागतच नाही, जास्तीचं ती मुतून टाकते. तेच आधी पिळून काढलं तर कोंबड्यांना होतं, आणि चोथ्यावर गाय तेवढंच दूध देते. एका गवतात दोन जेवणं. त्या वेळी मला ते जादूच्या प्रयोगासारखं वाटलं होतं. उन्हाळ्यात गोठ्यात उभी असताना, मुताच्या त्या झणझणीत वासानं डोळ्यांत पाणी आलं, आणि एकदम कळलं की हा वास म्हणजे माझी पेंड वाहून चाललीय. तू जे सांगत होतीस ते इतकं सरळ होतं! मला कळायला चार वर्षं लागली. शाळेत गणितंही मला अशीच कळायची, तुझ्या वहीतून उतरवून झाल्यावर.

मग मी काय केलं असेल? सोलापूरला विजापूर रोडवर एक रसवंती बंद होत होती, तिथला जुना चरक उचलला. मालकानं विचारलं, "उसाचं दुकान टाकताय व्हय?" मी म्हटलं, नाही, गवत घालणार. तो माणूस म्हणाला, "बाई, ह्यो चरक हाय, म्हस न्हाय!" महेश्वर शेजारी उभे होते, त्यांनी तोंड फिरवून हसून घेतलं. घरी येईपर्यंत मला "म्हस मिळाली का" असं चिडवत होते. पण सांगते, नवरा म्हणून त्यांनी खोट काढली नाही. कडबाकुट्टीतून गवत आधी बारीक करायचं, मग चरकातून दोनदा काढायचं, रूळ किती आवळायचे, हे सगळं त्यांनीच बसवलं.

पहिल्या दिवशी तर गंमतच. चरक आम्ही रस्त्याकडेच्या शेडमध्ये लावला होता. घुंगरू काढायचं राहिलं होतं. छुम्‌छुम्‌ सुरू झाल्याबरोबर एक ट्रकवाला थांबला, खाली उतरला आणि म्हणाला, "एक फुल गिलास, बर्फ कमी." मी नको नको म्हणेपर्यंत त्यानं गिलासभर लसूणघासाचा रस घशाखाली उतरवलाही होता. तोंड पुसून म्हणाला, "मावशी, लिंबू कमी पडलं." तो अजून जिवंत आहे, परवाच हॉर्न वाजवत गेला.

रस मात्र पहिल्या तीन वेळा फुकट गेला. एकदा बुडाला लागला, एकदा तासभर मंद आचेवर ठेवला तर नुसता कोबी उकडल्यासारखा वास सुटला आणि काही धरलंच नाही. आमच्या गटातल्या अकरा बायका, अकरा मतं. शेवटी कमलम्मा पुढं आली. होय, तीच कमलम्मा, जिची गाय गेली. गाईनंतर तिनं पुन्हा गाय घेतलीच नाही, साठ कोंबड्या पाळल्या. तिनं सगळ्यांना गप्प केलं. म्हणाली, "दूध नासवताना काय करताव? आदी थोडं कडक तापवायचं, मग बाकीचं धार धरून वतायचं. ह्ये बी तसंच की." ओतली धार, आणि माझ्या डोळ्यांसमोर तो रस फाटला! कमलम्मा वाकून बघते, आणि आनंदानं मराठी विसरून कानडीत म्हणते, "इदेन यव्वा, हुल्लिन मोसरु!" गवताचं दही. तेव्हापासून गावात त्याला दुसरं नाव नाही. प्रथिन म्हटलं की लोक जांभई देतात, हुल्लिन मोसरु म्हटलं की बघायला येतात.

गाळायला फडकं हवं होतं. मामंजींचं एक जुनं धोतर हाताशी लागलं. चक्का टांगला, पाणी निथळलं, काम फत्ते. पण धोतराचा रंग काही केल्या जाईना. मामंजी तुला आठवतातच. ऐंशी वर्षांचे शिवलिंगप्पा, बोलणं कमी आणि बोलले तर खिळा ठोकल्यासारखं. दोरीवरचं धोतर बघून एवढंच म्हणाले, "आमची रंगपंचमी यंदा लौकर आली म्हनायची."

आता खरी गोष्ट, जी तुला ऐकायची असेल. चाळीस दिवस आम्ही तू शिकवलं होतंस तसं तोलून मापून केलं. आठ गाई. चौघींना अख्खं गवत, चौघींना चोथा, बाकी सगळं सारखं. रोज सकाळ संध्याकाळ दूध वेगळं मोजलं. पहिल्या आठवड्यात चोथ्यावरच्या गाई अर्धा लिटर खाली आल्या. मग बरोबरीला आल्या. फॅटही तेवढीच. डेअरीचे चेअरमन चनबसप्पा यांनी स्वतः तीनदा तपासलं, यंत्रावर थाप मारून म्हणाले, "मशीन बिगडलंया काय?" चौथ्यांदा तपासलं आणि आकडा वहीत चढवला. गोठ्यातला तो डोळे झोंबणारा वास निम्म्यावर आला. तपकिरी पाणी पातळ करून परत घासाच्या वाफ्यांना सोडतो, वरचं खत कमी लागतं. कमलम्माच्या कोंबड्यांची निम्मी पेंड बंद करून हिरव्या चक्क्याची वाळवलेली भुकटी घातली, तर अंड्याचा बलक असा केशरी झाला की मंद्रूपच्या बाजारात बायका तिच्याकडंच अंडी मागतात. आणि घासाचं ते दोन एकर रान! वर्षात एकदाही नांगरलं नाही, घास कापतोय तसा फुटतोय, जमीन उघडी पडत नाही. जूनच्या वळवानं शेजारच्या रानातली माती ओढ्याला गेली, आमची जागची हलली नाही. बुद्धप्रिया, तू जे जे सांगितलं होतंस ते सगळं खरं निघालं. एकसुद्धा गोष्ट चुकीची नव्हती. हे वाक्य मला तुला कधीचं लिहायचं होतं.

म्हणून डेअरीनं ठरवलंय की गोदामात मोठा दाबयंत्राचा संच बसवायचा, सत्तर घरांचं गवत तिथं यायचं. रविवारी त्याचा नारळ आहे. तालुक्याचे अधिकारी येणार, मांडव पडणार. चनबसप्पांनी मला न विचारता पेंटरकडून बोर्ड रंगवून घेतला. परवा मी तो वाळत घातलेला बघितला. हिरव्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत "शिवलीला चारा प्रकल्प". पेंटर म्हणाला, "वैनी, आक्षर बरं हाय की?" मी होय म्हटलं आणि घरी आले. भाकरी पुढ्यात घेतली आणि तशीच झाकून ठेवली.

कारण तो मंगळवार. आता त्याच्याकडं येतेच.

त्या आठवड्यात लाइट संध्याकाळची होती. रविवारी दिवस मावळताना आपण दाबणी केली. तू निघताना मला सांगितलंस, "चोथा ओला आहे, बारा तासांत खाऊ घाल, नाहीतर पिंपात दाबून हवाबंद कर. ढीग ठेवू नकोस." मी मान डोलावली. गाडी यायची होती मामंजींची, पण अंधार पडला म्हणून बैल घरी गेले. दुसरा दिवस सोमवार. आमच्यात सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, तो बसवण्णाचा, नंदीचा वार, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. घरात कितीही घाई असो, मामंजींनी पन्नास वर्षांत तो वार मोडला नाही. टेंपो सांगता आला असता. डोक्यावर चार पाट्या वाहता आल्या असत्या. मी म्हटलं, एका दिवसानं काय होतं? आणि चोथा तिथंच ढिगात राहिला, पूर्ण दोन रात्री. मंगळवारी सकाळी गाडी भरताना मी ढिगात हात घातला तर तो चटका बसण्याइतका गरम होता. दारूसारखा वास येत होता, मध्ये पांढरी बुरशी धरली होती. मला कळलं होतं, बुद्धप्रिया. अडाणीपणा म्हणून पांघरूण घालणार नाही. मला कळलं होतं. पण टाकवेना. वरचं वरचं काढून उन्हात पसरला, तासाभरानं पाच घरांना वाटला, आमच्या गोठ्यातही घातला. दुपारी जनावरं फुगायला लागली.

मग तू आलीस, डॉक्टर आले, रात्र गेली. कमलम्माची गाय पहाटे गेली. आणि गुरुवारी डेअरीच्या आवारात सगळा गाव जमला. तुझं नाव निघालं आणि मला सुटल्यासारखं वाटलं. खरंच तसं वाटलं होतं. ते नाव इतक्या चटकन का निघालं, तेही मला ठाऊक होतं. आमच्या आळीतल्या कुणी ते यंत्र आणलं असतं, तर लोकांनी आधी गवताला, पाण्याला, फवारणीला दोष दिला असता. धोंडिराम कंडक्टरची पोर शिकून येते आणि आपल्याला गाईला काय घालायचं ते शिकवते, हे काही जणांना पहिल्या दिवसापासून खुपत होतं. त्यांच्या त्या खुपण्याच्या आड मी लपले. धोंडिरामकाकांनी त्यानंतर डेअरीला दूध घालणं बंद केलं, दोन्ही गाई विकल्या आणि तुझ्या भावाकडे, रत्नदीपकडे, सोलापूरला गेले. जाताना आमच्या दारावरून गेले, मी आत होते. बाहेर आले नाही.

काल सकाळी मी मामंजींना सगळं सांगितलं. वाटलं होतं, सोमवारचं नाव घेतलं म्हणून ते भडकतील. बैलांना वैरण टाकत होते, थांबलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "सोमवार बैलाचा असतोय, मानसाचा न्हाय. डोस्क्यावर वाहून न्यायचं व्हतं." मग, माझ्याकडं न बघता, "देवाच्या वाराआड दडलीस आन्‌ दुसऱ्याची पोर पुढं केलीस. बसवण्णाला ह्ये चालतंय व्हय गं?" ऐंशी वर्षांच्या माणसासमोर मी लहान पोरीसारखी रडले. त्यांनी रडू दिलं. नंतर इतकंच म्हणाले की रविवारी मांडवात मीबी येतो, तू बोलशील तवा तुझ्या मागं हुबा ऱ्हातो.

तिथून मी सरळ कमलम्माकडे गेले. तिची गाय होती, तिला आधी सांगायला हवं असं मला वाटलं. ती खुराड्यापुढं बसून अंडी पुसत होती. मी सांगत गेले, ती पुसत गेली. संपल्यावर तिनं एक अंडं हातात तसंच धरलं. मला वाटलं आता फेकून मारेल, आणि मारलं असतं तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "माझी गाय गेली, ती परत येत न्हाय. पर मला सांगून काय उपेग? जिचं नाव गेलं तिला सांगितलीस का?" मी नाही म्हटलं. तिनं मला बसायलासुद्धा सांगितलं नाही. म्हणाली, "मग हितं काय करतीस? ऊठ की."

म्हणून हे पत्र. रविवारी मांडवात मी सगळ्यांसमोर बोलणारच आहे आणि ती पाटी उतरवायला लावणार आहे. पण गावाच्या आधी हे तुला कळायला हवं, कारण त्या गुरुवारी तू काहीच मागितलं नव्हतंस. ना बाजू, ना दया. तू फक्त एक प्रश्न विचारला होतास, दोनदा विचारला होतास, आणि दुसऱ्यांदा विचारताना सगळी माणसं सोडून माझ्याकडं बघितलं होतंस: चोथा कुठला होता, कधी घातला आणि कुणी घातला? मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिले. त्याचं उत्तर लिहिते. चोथा रविवारचा होता. मंगळवारी सकाळी नऊ वाजता घातला. मी घातला.

तुझीच, तू अजून म्हणू देत असशील तर,
शिवलीला